नव्या फ्लोअरिंगवरचं प्लास्टिक

मंडळी, आमच्या कॅम्पर व्हॅनमध्ये काल लाकडासारखं दिसणारं विनाइल फ्लोअरिंग बसवलं. आमच्या धिप्पाड कुत्र्याची, शेरूची, नखं लागू नयेत म्हणून मी वर जाड प्लास्टिक अंथरलं.

आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेरू हौसेने आत चढला आणि चारही पाय चार दिशांना! नंतर बिस्किट दाखवलं तरी चढेना.

आई बघत होती. टीव्हीच्या रिमोटचंही प्लास्टिक कधी न काढणारी माझी आई म्हणाली, "अरे, गाडी त्याला फिरवायला केलीस ना? मग काढ ते."

काढलं. शेरू चढला, पहिला ओरखडा पडला, माझ्या काळजात चर्र झालं. तो मात्र निवांत झोपला.

वर घरी आलो, तर आई रिमोटचं प्लास्टिक कात्रीने कापत होती.

तुमच्याकडे कशावरचं राहिलंय?