शेरा एक ओळ खाली

आमच्या वाचनालयातल्या ताई पुस्तक हातात देण्याआधी त्याच्याविषयी एखादं वाक्य देतात. 'पहिली चाळीस पानं सोसा, पुढे सगळं वसूल होतं.' 'प्रवासात नेऊ नका, उतरायचं ठिकाण मागे पडेल.' बावीस वर्षं त्या ही वाक्यं संगणकातल्या यादीत, पुस्तकाच्या नावापुढच्या 'शेरा' या रकान्यात लिहीत आल्या. पुस्तकं अठरा हजार, शेरे चार हजार एकशे सहा. सगळे त्यांना टिपणताई म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी त्या रागावत नाहीत. "म्हणा, पण पुस्तक वेळेवर आणा," एवढंच.

मी शाळेपासून या शेऱ्यांवर वाढले. साहित्यात एम.ए. करायला घेतलं त्यात त्यांचा मोठा वाटा. त्या आठवड्यात मी रोज सकाळपासून काउंटरसमोरच्या टेबलाशी बसून असे, कारण मला प्रबंधासाठी विषय मिळत नव्हता. दोन विषय मार्गदर्शक बाईंनी परत पाठवले होते. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

वाचनालयाने यादीचा नवा प्रोग्राम घेतला होता. नावं, लेखक, क्रमांक नव्या यादीत आपोआप आले. शेरे आले नाहीत. जुन्या प्रोग्राममधून ते एकगठ्ठा काढायची सोयच नव्हती. एकेक पुस्तक उघडायचं, शेरा उचलायचा, नव्या यादीत चिकटवायचा. आणि जुना प्रोग्राम शुक्रवारी संध्याकाळी पुसून टाकणार होते.

"शेऱ्यांचं काय एवढं, नवे लिहा की," ग्रंथपाल साहेब म्हणाले.

"नवे लिहायला ती पुस्तकं पुन्हा पहिल्यांदा वाचावी लागतील, साहेब."

तारीख मात्र बदलली नाही.

ताईंच्या उजव्या अंगठ्याला पट्टा असतो. इतक्या वर्षांच्या माऊसने तो धरलाय. हजारो क्लिक हाताने होण्यातले नव्हते. म्हणून त्यांनी एक प्रोग्राम शोधून काढला. आपण कुठे कुठे क्लिक करतो ते तो एकदा पाहून ठेवतो आणि मग तसंच्या तसं करत राहतो. सोमवारी दहाला त्यांनी तो सुरू केला. पडद्यावरचा बाण कुणी न धरता फिरू लागला. वीस सेकंदांत एक शेरा. संगणकापुढे ताईंनी पाटी लावली : 'हात लावू नये. काम चालू आहे.'

हात कुणी लावला नाही. गुरुजींनी पिशवी ठेवली. हे निवृत्त शिक्षक वाचनालय उघडताच येतात आणि पिशवी काउंटरवर टेकवतात. ती माऊसला घासली, माऊसचं चाक एक खाच फिरलं आणि नवी यादी एका ओळीने सरकली. तिथून पुढे प्रत्येक शेरा शेजारच्या पुस्तकाला चिकटत गेला. बाण बिचारा इमानेइतबारे चूक करत राहिला.

बाराच्या सुमाराला मुलीला घेऊन आलेल्या एक बाई पडद्यावरची नवी यादी पाहून म्हणाल्या, "अहो ताई, हे एक ते शंभर अंकांचं पुस्तक ना? मग 'घरात एकटं असताना वाचू नये' कसं?"

ताईंनी पाहिलं आणि प्रोग्राम थांबवला. स्वयंपाकाच्या पुस्तकापुढे होतं, 'यातला खुनी मधेच कळतो, तरी नेटाने वाचा.' त्या हसल्या, पण पट्ट्याचा हात कपाळाला लावूनच.

मी हातातलं पुस्तक वर केलं. "ताई, मग हेही?" तो रस्ते दुरुस्तीचा एक जुना वार्षिक अहवाल होता. सकाळी पडद्यावरच्या नव्या यादीत त्याच्यापुढे दिसलं होतं : 'घाईत वाचू नका. शेवटी एक माणूस परत येतो.' तेवढ्यासाठीच तर मी तो घेतला होता.

"अगं बाई, ती कादंबरीची टीप. ठेव ते. त्यात नुसती खडी आणि डांबर."

पण माझी तीस पानं झाली होती. तो अहवाल लिहिणारा अभियंता खड्ड्यांविषयी इतकं नीट, इतक्या मायेने लिहीत होता की मला ठेववेना.

इकडे पेच होता. संगणक एकच. प्रोग्रामला द्यायचा, तर काउंटर तीन दिवस बंद. ते साहेबांना चालणार नव्हतं. संध्याकाळी सहाला सगळ्या इमारतीची वीज मुख्य बटणावरून बंद होते, म्हणजे वाचक नसतानाही काम होणार नाही. त्या संध्याकाळी ताईंनी प्रोग्रामची माहितीपुस्तिका छापून घेतली, पुस्तकासारखी बांधली आणि घरी नेली. दुसऱ्या दिवशी न्याहारीला काय झालं ते त्यांनीच आम्हाला सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "कादंबरी का गं?"

"हो. नायक पडद्यावर येतच नाही. याला हेडलेस म्हणतात."

"बिनमुंडक्याचा? मग काम कसा करतो?"

"न दिसता करतो. तुम्ही पहाटे पाणी भरून ठेवता तसं."

एकशे बेचाळिसाव्या पानावर त्यांना हवं ते सापडलं होतं. संगणकाला नुसत्या अक्षरांत आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहून प्रोग्राम सुरू केला, तर तो आपला पडदा वापरतच नाही. स्वतःपुरता एक न दिसणारा पडदा मांडतो आणि त्यावरच क्लिक करत बसतो. आपण आपला माऊस कसाही फिरवा, पिशव्या ठेवा, त्याला पत्ता नसतो.

मंगळवारी त्यांनी ती ओळ संगणकाआधीच्या कागदी यादीच्या एका कार्डावर लिहून आणली आणि कार्ड संगणकाला टेकवून अक्षर-अक्षर उतरवली. काळ्या खिडकीत दोन ओळी उमटल्या. तिसरी उमटली आणि सगळं थांबलं. तास गेला, दुसरा गेला. गुरुजी पिशवी छातीशी धरून उभे. "माझ्यामुळे नाही ना?"

"या वेळी नाही, गुरुजी."

दुपारी जेवणाचा डबा उघडता उघडता ताई थबकल्या. "अगं, जुना प्रोग्राम सुरू होताना विचारतो ना, 'नक्की उघडायचं?' मी बावीस वर्षं न बघता 'हो' म्हणतेय. तो त्या न दिसणाऱ्या पडद्यावरही विचारत असणार. हो म्हणायला कोण आहे तिथे?"

डबा तसाच ठेवून त्यांनी प्रोग्रामला तो एक 'हो' शिकवला. मग दहा पुस्तकांवर करून पाहिलं आणि दहाही शेरे कपाटापाशी उभं राहून पडताळले.

बुधवारी दहाला खरं काम पहिल्यापासून सुरू झालं. त्या तीन दिवसांइतकं शांत काम मी पाहिलं नाही. ताई पुस्तकं देत होत्या, परत घेत होत्या, दंडाच्या गोष्टीवरून एकाला झापत होत्या, आणि कोपऱ्यातल्या काळ्या खिडकीत वीस-वीस सेकंदांनी एकेक क्रमांक उमटत होता. संध्याकाळी वीज जाण्याआधी त्या शेवटचा क्रमांक कार्डावर लिहायच्या आणि सकाळी तिथून पुढे. मी टेबलाशी बसून अहवाल वाचत होते, शेऱ्यात म्हटलं होतं तसा, घाई न करता.

शुक्रवारी दुपारी साहेब काउंटरशी येऊन उभे राहिले. "किती राहिले?"

"त्रेचाळीस."

ते गेले नाहीत. खुर्ची ओढून बसले. पावणेपाचनंतर तीन मिनिटांनी शेवटचा क्रमांक उमटला आणि खिडकी स्तब्ध झाली. ताईंनी वेगवेगळी वीस पुस्तकं तपासली. अंकांच्या पुस्तकापुढे होतं, 'मुलांना रंगवू देऊ नका, मोह होतो.' सगळं जिथल्या तिथे. साहेब उठले. आतून ताईंसाठी चहा घेऊन आले.

मी सहज अहवालाचं नाव शोधलं. त्याच्यापुढे आता त्याचा स्वतःचा शेरा होता : 'तक्ते फाटके. जपून हाताळा.' मला उगाच चुटपुट लागली. मी अहवालाचं शेवटचं पान उघडून ताईंपुढे ठेवलं. अभियंत्याने तिथे लिहिलं होतं की अकरा महिने आजारी असलेला मुकादम बरा होऊन कामावर रुजू झाला, आणि त्या दिवशी टोळीने अर्धा तास आधी काम सुरू केलं.

ताईंनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं.

मार्गदर्शक बाईंनी माझा तिसरा विषय परत पाठवला नाही. लेखक नसलेल्या माणसांचं गद्य. त्याबद्दल कुणाचे आभार मानायचे ते मला नेमकं ठाऊक आहे. गुरुजींच्या पिशवीचेही मी मानीन. पण सगळ्यात आधी त्या हाताचे, ज्याने त्या संध्याकाळी, चार हजार शेरे एकदाही माऊस न धरता वाचवल्यावर, एक शेरा डाव्या हाताच्या दोन बोटांनी स्वतः टाइप केला :

'तक्ते फाटके. जपून हाताळा. घाईत वाचू नका. शेवटी एक माणूस परत येतो. (ही टीप चुकून आली होती. तपासली. बरोबर आहे.)'