टेका असलेली खुर्ची

"आधी खुर्ची द्या. टेका असलेली. मग बोला."

काकू कुठल्याही कार्यालयात शिरल्या की नमस्काराच्या जागी हेच वाक्य टाकायच्या. खुर्ची स्वतःसाठी नसायची, मागं उभ्या असलेल्या सुनेसाठी असायची. सून बसली की काकू पदर खोचून उभ्या राहायच्या, आणि आपण बसलोय याची समोरच्या साहेबाला उगाचच लाज वाटू लागायची.

तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल. मी पाहिली सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात. सून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, सातवा महिना लागलेला, नवरा फौजेत. हजेरी कमी म्हणून कॉलेज तिला परीक्षेला बसू देत नव्हतं. "पुढच्या वर्षी या," म्हणे! मांडीवर तान्हं पोर घेऊन कोण येतं हो पुढच्या वर्षी? हे वर्ष गेलं की शिक्षण गेलं.

गरोदर विद्यार्थिनींच्या हक्कांचा कायदा व्हावा म्हणून आमची संघटना तेव्हा गेटवर पत्रकं वाटत होती. सवलत द्या, अशी सूचना वरून आलेली आहे. पण सूचना म्हणजे काय? पाळली तर कॉलेजचा मोठेपणा, नाही पाळली तर पोरीचं नशीब. हे मी ठळक अक्षरांत छापलं होतं. खाली शिकणाऱ्या सुनेच्या वाटेत कोण कोण आडवं येतं तेही छापलं होतं, आणि त्यात सासू पहिली होती.

काकूंनी उभ्या उभ्या अक्षराला अक्षर लावत पत्रक वाचलं. "आगं, ह्यात आमी बी हाय की!" आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की वॉचमन डोकावला. मी ओशाळले. तशा म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, काडू नगं. समद्या माज्यावानी नसत्यात. आणि दोन दे, शेजारणीला वाचून दावती."

प्रयोगशाळेत उंच, बिनटेक्याची स्टुलं. काकूंनी तक्रार केली नाही. घरची लोखंडी घडीची खुर्ची रिक्षात घालून आणली आणि सुनेच्या टेबलाशी उघडून ठेवली. सून आत प्रयोग करायची, काकू बाहेर लिंबाखाली शेंगा फोडत बसायच्या. आमच्या घोषणा सुरू झाल्या की तिथूनच ओरडायच्या, "लय बारीक आवाज, पोरीनू! जेवलाय न्हवं?"

शेवटी प्राचार्यांकडे गेलो. सून बसली. मी पत्रक उघडून तावातावानं बोलू लागले. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हजेरीचं एक वेळ बघता येईल. पण पहिलं बाळंतपण, ती माहेरी जाणारच. माहेर खंडाळ्याला, परीक्षा सांगलीत. अवघडलेली पोर एवढा प्रवास करून येणार कशी?"

माझं पत्रक तिथंच संपलं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची रीत आमच्या एकाही बैठकीत कुणाला आठवली नव्हती.

"साहेब," काकू म्हणाल्या, "माहेर आमी हिकडं आणलंय." आणि दाराकडं बघून हाक मारली, "आवं इहीणबाई, या की आत!"

विहीणबाई आत आल्या, संकोचून गेलेल्या. लेकीच्या सासरी येऊन राहायचं म्हणून त्यांना आधी फार अवघड वाटलेलं. काकूंनी आपली खोली त्यांना रिकामी करून दिली होती. घरात त्या खोलीचं नावच खंडाळा पडलं होतं. "खंडाळ्यात मी बी इचारल्याबिगार पाय ठेवत न्हाई," काकू म्हणाल्या. "थितं तिची आई सांगंल ते. लोकं काय, चार दिस बोलत्यात."

प्राचार्य हसले. मग शिपायाला म्हणाले, "अजून दोन खुर्च्या आण. टेक्याच्या."

पोर परीक्षेला बसली, पास झाली. निकाल लागायच्या आधीच खंडाळा नावाच्या त्या खोलीतून दवाखान्यात गेली आणि लेक घेऊन परत तिथंच आली.

आनंद आहेच, पण राग गेलेला नाही. काकूंचं मन मोठं होतं म्हणून हे झालं. जिच्या घरी काकू नाहीत, तिनं काय करायचं? पत्रकात सासूची ओळ मी तशीच ठेवली आहे, काकूंच्या सांगण्यावरून. खाली एक मागणी वाढवली: बाळंतपण जिथं, परीक्षा केंद्र तिथं.

आता काकूंच्या मुलाला फौजेत क्वार्टर मिळालं आणि त्या सून-नातीबरोबर लांब उत्तरेला गेल्या. खुर्ची मात्र प्रयोगशाळेतच ठेवून गेल्या. लिंबाखाली शेंगांची टरफलं दिसत नाहीत. परवा मी कॉलेजात असतानाच त्यांचा फोन आला.

"आला का गं तुजा कायदा?"

"नाही अजून, काकू."

"आणि माजी खुर्ची?"

प्रयोगशाळेच्या खिडकीतून मी आत पाहिलं. दुसऱ्या वर्षाची एक गरोदर मुलगी पाठीशी ओढणीची घडी ठेवून त्या खुर्चीवर बसली होती, हातात परीक्षानळी, नजर उकळत्या पाण्यावर.

"खुर्चीत पोरगी बसलीय, काकू."

"बसू दे. कायदा यीस्तवर उठवू नगा तिला."