काडीपहिलवानाची चरबी

“चरबी? ह्याच्या अंगात? डॉक्टर, हा कुशीवर वळला तर दिसायचा बंद होतो. तुम्ही दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट उघडलायत.”

माझी थोरली बहीण नौपाड्यातल्या दवाखान्यात ओरडत होती. ताईने आवाज लावला की ठाण्याच्या तलावातली बदकं उठून कळव्याला जातात, हे मी शपथेवर सांगतो. बाहेरचे पेशंट आपापली दुखणी विसरून दाराला चिकटलेले. मी खुर्चीत आकसून बसलेलो. मला एवढंच हवं होतं की डायबिटीसचं गोळ्यांवर भागावं, इन्सुलिनची सुई लागू नये. लहानपणी लस टोचणाऱ्या बाईंना चुकवून मी आमच्या डोंबिवलीजवळच्या कोपरच्या खाडीपर्यंत पळालेलो. चिखलात पाय रुतले नसते तर आज गुजरातेत असतो.

डॉक्टरांनी रिपोर्टवर माझंच नाव दाखवलं आणि समजवायला घेतलं. जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन तिथे तयार होतं. माझ्या स्वादुपिंडात चरबी साचलीय. माणूस बाहेरून काडी असला तरी आत साचू शकते. शिवाय दिवाळीनंतर माझ्या पोटात जे दुखलं, जे आम्ही पित्त समजून जिरं आणि सोड्यावर काढलं, ती बहुतेक स्वादुपिंडाचीच सूज होती. त्या सुजेत इन्सुलिन बनवणाऱ्या काही पेशी गेल्या असाव्यात, उरलेल्या चरबीत दबून मंदावल्या असाव्यात.

मी विचारलं, चरबीमुळे सूज आली की सुजेमुळे चरबी? ते म्हणाले, दोन्ही होऊ शकतं, एक दुसरीला वाढवते. मी समजल्यासारखी मान हलवली. ओ की ठो कळलं नव्हतं.

मग त्यांनी खाणं विचारलं, आणि ताई खुलली. आमच्या घरात डायबिटीस म्हणजे फक्त गोडाशी वैर. दिवाळीच्या कितीतरी आधी मला साखर निघाली, त्या दिवशी ताईने माझा चहा बिनसाखरेचा केला, आणि गोड तुटलं तर पोराला ताकद कुठून येणार म्हणून भातावर तूप दुप्पट केलं. पोरगा पन्नाशीचा आहे, ते सोडा. सणाला सगळ्यांच्या ताटात श्रीखंड, माझ्या ताटात नुकसानभरपाईची भजी. ती मी इतकी खाल्ली की डोंबिवलीत बेसन मिळेना. ताई हे सगळं अभिमानाने सांगत होती. एक दाणा साखर पोटात जाऊ दिली नाही, म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तेलात साखर नसते हो,” ताई म्हणाली. आवाज आता खोलीबाहेर जात नव्हता. “मग तेलाने साखर कशी वाढेल?”

तेलातुपाची चरबी इथे साचते आणि इन्सुलिन कमी पडतं म्हणत डॉक्टरांनी कागदावर स्वादुपिंड काढलं. मला ते मधूनमधून दाणे गळालेलं मक्याचं कणीस वाटलं, ताईला भरली मिरची. आम्ही दोघं कागद उलटसुलट करत राहिलो.

“म्हणजे हे माझ्या हाताने झालं का?” तिने विचारलं.

ते म्हणाले, फक्त त्यानेच असं नाही, घराण्याचाही भाग असतो. कशाचा किती वाटा, ते सांगता येत नाही. पण तळलेलं आजपासून बंद.

मी संधी साधली. भजी सोडतो, तूप सोडतो, कोपरहून ठाण्याला रोज चालत येतो, हवं तर परत जाताना धावतो. मग त्या दबलेल्या पेशी जाग्या होतील ना? काही होतील, ते म्हणाले, गेलेल्या परत येणार नाहीत. कुठल्या दबलेल्या आणि कुठल्या गेलेल्या, ते आज त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ताईने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. “मग आत्ता काय करायचं ह्याचं?”

“आत्ता सुई. पेशी जाग्या झाल्या तर बघू.”