वणीच्या खाणीशेजारची येळवस

माझ्या नावावर ढेकळाएवढीही जमीन नाही. रेल्वेत नोकरी केली, बायको गेली, आता पूर्णेत भाड्याच्या खोलीत एकटा असतो. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्याकडे मराठवाड्यात शेतात जेवण असतं आणि बिनशेताच्या माणसाला आग्रहाने बोलावतात. मला बोलावते वणीजवळ दिलेली धाकटी बहीण सुमन. तिच्या सासरी हा सण कुणाला ठाऊक नाही, ती हट्टाने करते. यंदा शेत कोळशाच्या खाणीत जाणार असं कळलं, म्हणून आदल्या दिवशीच निघालो.

पूर्णेहून आदिलाबादमार्गे वणीला थेट गाडी आहे. खिडकी मिळाली तर किनवटचं जंगल बघा, डबा मात्र घरचाच घ्या. वणीहून पुढे शेअर रिक्षा. रस्त्यावर कोळशाचे ट्रक असतात, त्यामुळे तोंडाला रुमाल हवाच. मी शहाणा, पांढरा सदरा घालून गेलो होतो.

खाणीतून उपसलेल्या मातीचा ढीग आता सुमनच्या बांधाला टेकलाय. कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, तिने चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. सगळ्या भाज्या-शेंगांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील असा बेत. जेवताना खाणीत सुरुंग उडाला, वाटीतली आंबील हलली. कुणी मानसुद्धा वर केली नाही.

"जमीन देल्ली तं पोराले इथंच नोकरी भेटते, भाऊ," दाजी म्हणाले. "पुण्यात किती दिवस खोली करून राहीन तो?"

"अन् येळवस कुठं करू? क्वार्टरच्या गच्चीवर?" सुमन फणकारली. "उद्याच्या सुनावणीत मी न्हाईच म्हणणार."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात खाण वाढवण्यावर जनसुनावणी होती. एक म्हणाला विहिरी आटल्या, दुसरा म्हणाला पोरं कामाला लागली. दोघांचंही खरं होतं. सुमन माईकपुढे गेली.

"घ्या शेत," ती म्हणाली. "पर माझं लेकरू घरी येऊ द्या."

मला राग आला. वर्षातून एकदा कुणीतरी माझी वाट बघायचं, तेही आता गेलं. गाडीत बसल्यावर रडू आलं, पण शेजारी अनोळखी माणूस होता.

पूर्णेला उतरल्यावर पेडगावच्या मारोतरावांना फोन लावला. आम्ही नोकरीला बरोबर होतो, त्यांचं शेत आहे. आजवर कुणाकडे असं मागून गेलो नव्हतो.

"पुढल्या येळवसेला तुमच्या शेतात येऊ का?"

"या की! एकलेच ना?"

"न्हाई," मी म्हणालो. "बहिणीला घिऊन येतो. तिलाबी आता शेत न्हाई."