उताऱ्यावरचा बोजा

धुळ्याला माझा एसटीडी बूथ होता आणि जळगावला माझ्या साडूचं टायपिंगचं दुकान. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, उंचीने चार बोटं जास्त, आणि सासरवाडीत शिरला की घर हसायला लागायचं. मी शिरलो की पाट मांडला जायचा. मान मला, माया त्याला. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण लग्नात त्याच्या गळ्यात हार पडला तेव्हापासून माझ्या पोटात दुखत होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बूथचा धंदा आता फार दिवसांचा नाही, हे मला कळून चुकलं होतं. जळगाव-धुळ्याला इंटरनेट येणार अशी बोलवा होती, आणि चार कॉम्प्युटर, एक मोडेम नि एक टेलिफोन एवढ्यावर दुकान उभं राहील असा माझा हिशेब होता. मी बँकेत गेलो. मॅनेजरने चहा पाजला आणि म्हणाला, "म्हशीला कर्ज देतो, म्हैस दिसते. ट्रॅक्टर दिसतो. पाइपलाइन जमिनीत असली तरी उकरून दाखवता येते. उद्या तुम्ही हप्ते थकवले तर मी तुमच्याकडून काय उचलून नेऊ? इंटरनेट?" त्याचं चूक होतं असं नाही. कॉम्प्युटर वर्षभरात निम्म्या भावाचा होतो, आणि भाड्याच्या गाळ्यावर कोणी कर्ज देत नाही. शेवटी म्हणाला, "कोणाच्या तरी शेताचा उतारा आणा, त्याच्यावर बोजा चढवतो. मग तारेतून काय हवं ते आणा."

आमच्या घरी शेत नव्हतं. सासऱ्यांचा रावेरकडे केळीचा मळा होता, बोजा नसलेला. त्यांना सगळे आबा म्हणत. आणि एका उताऱ्यावर दोन कर्जं बँक देणार नव्हती, हेही मॅनेजरने बजावून सांगितलं होतं.

त्याच उन्हाळ्यात अधिक महिना आला. अधिकात जावयाला बोलावून जेवू घालायचं, ताटात तेहेतीस अनारसे नि दिवा ठेवून द्यायचा, आणि वर काय हवं ते विचारायचं. आमच्याकडे विचारण्याचीही रीत आहे. सासऱ्याने तीनदा विचारायचं, जावयाने दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा मान खाली घालून सांगायचं. पहिल्याच झटक्याला मागणारा हावरट.

खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला. आम्ही दोघे साडू एका रांगेत. आबांनी मोठा म्हणून आधी मला विचारलं, "जवाईबापू, सांगा, तुमाले काय पायजे?"

"काही नको आबा, तुमचा आशीर्वाद पुरे."

"असं कसं? सांगा ना."

"खरंच नको."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा शब्द ओठांवर आला होता. पण साडू माझ्याकडे बघत होता. त्याच्यासमोर मी सासऱ्याच्या शेताचा उतारा मागायचा? उद्या तो घरोघर सांगत फिरेल, थोरल्याला सासऱ्याच्या जिवावर दुकान टाकायचंय. मी म्हणालो, "देवाने सगळं दिलंय आबा." मला वाटलं, ते चौथ्यांदा विचारतील.

आबा धाकट्याकडे वळले. त्याने पहिल्याच विचारण्याला रसाचा हात चाटत सांगितलं, "आबा, मला बँकेच्या कर्जाला तुमची सही पायजे. इंटरनेटचं दुकान टाकतो." आणि आबांनी कोपरीच्या खिशातून घडी घातलेला सातबारा काढून त्याच्या हातात दिला.

कागद खिशात तयारच होता! म्हणजे यांचं आधीच ठरलेलं, मला विचारणं नुसतं नाटक. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अनारशांचं ताट तसंच ठेवून उठावं वाटलं, पण जावई होतो, हसत बसलो.

पुढे दिवाळीच्या सुमाराला जळगावात त्याच्या दुकानाचं उद्घाटन झालं. चार कॉम्प्युटर, प्रत्येकापुढे पडदा, दारात रांग. मोडेम किरकिर करत लागला की लोक टाळ्या वाजवायचे. साडूने एका म्हातारीला तिच्या अमेरिकेतल्या मुलाचं कॉम्प्युटरवर आलेलं पत्र वाचून दाखवलं, ती त्याच्या तोंडावरून हात फिरवून गेली. मी भिंतींना ओल शोधत होतो. ओल नव्हती. एक खुर्ची डुगडुगत होती, तेवढ्यावर समाधान मानलं.

परतीच्या एसटीत एरंडोल येईपर्यंत मी तोंडसुख घेतलं. साडू लबाड, आबा एकांगी, सगळं आधी शिजलेलं. बायको खिडकीबाहेर बघत होती. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तिने तोंड उघडलं.

"तो उतारा तुमच्यासाठी काढेल व्हता."

"माझ्यासाठी?"

"मीच सांगेल व्हतं आबाले. दोनदा तलाठ्याकडे गेले ते, तुमच्यासाठी. म्हणाले, मी आपणहून देलं तर थोरल्या जवाईचा मान जाईल, त्याइले मागू दे. तीन डाव इचारलं तुमाले. तुमी नको म्हटल्यावर धाकट्यानं मागितलं, मंग देऊन टाकला."

"आणि त्याला हे माहीत होतं?"

"त्याले काय माहीत? त्यानं सरळ मागितलं."

शेंगा विकणारा खिडकीशी आला आणि गेला. मी काही घेतलं नाही. कोणी कट केला नव्हता, कोणी मला फसवलं नव्हतं. साडू शेजारी बसलेला नसता तर ते दुकान धुळ्यात, माझ्या गाळ्यात असतं. एवढं कळल्यावर माणसाचं मन निवळायला हवं. माझं नाही निवळलं. धुळं येईपर्यंत मी त्याच्यावर अधिकच जळत होतो. आता दुकानासाठी नव्हे, मळ्यासाठी नव्हे. चार माणसांत, रसाने माखलेल्या हाताने, त्याला मागता येत होतं, यासाठी.