काकूंचे उच्चार

मी विसरत नाही. नवरा म्हणतो, सोडून दे यार, वय काय त्यांचं. सोडायला तो काय पतंग आहे? सहा वर्षं मी ती गोष्ट पदराला गाठ मारून ठेवली होती, आणि उट्टं निघालं तेव्हा कुठे जीव थंड झाला.

काकू म्हणजे इथल्या, अमेरिकेतल्या आमच्या हर्नडन गावच्या मराठी मंडळातल्या रिटायर्ड डॉक्टर. आमच्या कितीतरी आधी इकडे आलेल्या, त्यामुळे दुसऱ्याने कुठला सोफा घ्यावा इथपासून सगळ्यावर त्यांचं मत. एका इंग्लिश प्री-स्कूलच्या कमिटीवरही त्या होत्या. माझं वर्क परमिट नुकतंच हातात आलेलं. मिरजेला मी आठ वर्षं इंग्लिश मीडियमच्या बालवर्गाला शिकवलं होतं, म्हणून मोठ्या उमेदीने इंटरव्ह्यूला गेले. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि शेजारच्या अमेरिकन बाईला कळू नये म्हणून मराठीत, अगदी मायेने म्हणाल्या,

"वाईट वाटून घेऊ नकोस हं. पण या वयात मुलांच्या कानावर जे पडतं तेच बसतं. तुझे उच्चार नकोत पडायला."

पार्किंगमध्ये गाडीत बसून मी हमसून हमसून रडले. मग नाक पुसलं आणि म्हटलं, बघते.

मला नोकरी दिली ती एका थाई बाईंनी. त्यांची छोटीशी शाळा, अडीच वर्षांपासूनची मुलं, अर्धा दिवस थाई आणि अर्धा दिवस इंग्लिश. बाई मुलांशी इंग्लिशचा शब्द काढायच्या नाहीत, मी इंग्लिशशिवाय दुसरं बोलायची नाही. मला वाटलं होतं, एवढ्याशा जिवांचा गोंधळ उडेल. कसला गोंधळ! थोड्या दिवसांत पोरं माझ्याकडे वळून इंग्लिशमध्ये पाणी मागायची आणि बाईंकडे वळून थाईत. माझ्या उच्चारांबद्दल एकाही आईबापाने ब्र काढला नाही. ऐकून ऐकून मलाही बालवर्गापुरती थाई यायला लागली.

शाळेचा एक रिवाज होता. सकाळी दारात बूट काढायचे आणि टीचरला दोन्ही हात जोडून, मान लववून नमस्कार करायचा. सोडायला आलेल्या मोठ्या माणसांनीही करायचा, कारण मुलं बघून शिकतात, असं बाईंचं ठाम मत. आधी येणाऱ्याने, मग टीचरने.

गेल्या वर्षी त्याच दारात काकू येऊन उभ्या राहिल्या.

त्यांची सून थाई आहे हे मला माहीत होतं. नात तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. कान तपासले, ते ठणठणीत. सून आमच्याच शाळेसाठी हटून बसली, आणि ती आणि नवरा दोघंही ऑफिसला जाणारे, म्हणून पोरीची ने-आण काकूंच्या गळ्यात पडली. फॉर्म भरायला आल्या तेव्हा मी त्यांना मुलांच्या वीतभर खुर्चीत बसवलं आणि वीस मिनिटं ताटकळत ठेवलं. मोठ्या खुर्च्या शेजारच्याच खोलीत होत्या. आणल्या नाहीत.

सून नंतर एकटी भेटली. घरात काकूंचा हुकूम होता, बाळाशी फक्त इंग्लिश. हिने थाई अंगाई सुरू केली की काकू येऊन थांबवायच्या. आई डॉक्टर आहे, तिला कळतं, म्हणून नवराही गप्प. सांगता सांगता ती थांबली आणि मला विचारलं, "ही मला कधीतरी आई म्हणेल ना?"

मला तिची दया आली, हे खरं. काकू आयत्या तावडीत सापडल्या म्हणून आनंद झाला, हेही खरं.

आता रोज सकाळी काकू मला हात जोडायच्या. मंडळाच्या कार्यक्रमात मीच वाकून त्यांच्या पाया पडायची, वयाने लहान ना मी. इथे उलटा कारभार. घाईघाईत एका हाताने उरकलं की मी गोड आवाजात म्हणायची, नीट हं काकू, नात बघतेय. त्यांच्या कपाळावर आठी उमटली की माझा दिवस झकास जायचा.

पोरगी मात्र गप्पच. गाण्याच्या वेळी ओठ हलायचे, आवाज नाही. बाई म्हणाल्या, थांबायचं, आत साठतंय.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी ती खेळातल्या स्वयंपाकघरात बाहुली घेऊन बसली होती. काकू तिला न्यायला आल्या होत्या, मी दारात त्यांच्याशी बोलत होते. पोरीने बाहुलीपुढे तर्जनी नाचवली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

"नो थाई. नो, नो. ओन्ली इंग्लिश."

तिचं पहिलं वाक्य! सूर काकूंचा, बोट काकूंचं. एवढी वर्षं अमेरिकेत काढूनही काकूंच्या जिभेवरचं पुणं काही गेलं नव्हतं, ते जसंच्या तसं नातीच्या जिभेवर उतरलं होतं. मग तिने बाहुलीच्या तोंडावर तळहात दाबला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

सहा वर्षं घोकलेलं वाक्य मी म्हटलं. "या वयात मुलांच्या कानावर जे पडतं तेच बसतं, काकू."

काकू खाली बसून नातीला बूट घालायला लागल्या, ते उजव्याचा डावा आणि डाव्याचा उजवा. मला वाईट वाटलं ते बाहुलीच्या तोंडावरचा हात बघून. काकूंकडे बघून अजिबात नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हात जोडले, दोन्ही, नीट. मग जायचं सोडून दारातच घुटमळत राहिल्या. माझ्याकडे न बघता विचारलं,

"थाईत 'आईशी बोल' कसं म्हणायचं गं?"

मी सांगितलं. त्यांनी म्हणून बघितलं, चुकलं. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा चुकलं. मागे बूट काढून दोन पालक ताटकळत उभे होते, राहू देत. नात आजीच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. चौथ्या खेपेला काकूंना बरोबर जमलं, आणि पोरीने त्यातला एकच शब्द हळूच उचलला. आई. थाईत. ऐकायला तिची आई तिथे नव्हती, काकू होत्या. त्यांनी घाईने चष्मा काढून पुसला.

मी त्यांना पाचव्यांदा म्हणायला लावलं.