कल्पिता आणि एकोणीसशे मोडकी वल्ही

मंगळवार, ११ मार्च २०२५. सकाळी सगुणा बोंबील देऊन गेली. दुपारी डोळे तपासले, चष्म्याचा नंबर तोच. संध्याकाळी सात दहाला गेम अडकला, सात पस्तीसला सुटला. त्यानंतर कल्पिता आली. चहा नको म्हणाली. माझ्या रोजनिशीतली ही नोंद.

कल्पिता चहाला नाही म्हणते तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं. तिची आई सगुणा वेसाव्याच्या कोळीवाड्यातून आमच्या अंधेरीच्या सोसायटीत तीस वर्षं मासळी घेऊन येते. सुट्टीत मुलगी बरोबर असायची. त्या काळी आमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उगाच थांबे. दुरुस्तीवाला दोनदा येऊन डोकं खाजवून गेला होता. नऊ वर्षांच्या कल्पिताने एक अख्खी सकाळ लिफ्टमधून वरखाली करण्यात घालवली आणि मला येऊन सांगितलं, "आजी, खाली जातानाच थांबते. आणि आत दोघं असली तरच." पुढच्या वेळी दुरुस्तीवाल्याला एवढं पुरलं.

आता ती चोवीस वर्षांची आहे आणि एमआयडीसीतल्या एका छोट्या गेम कंपनीत सर्व्हर सांभाळते. सर्व्हर म्हणजे जिथे सगळ्यांचा खेळ एकत्र चालतो तो कॉम्प्युटर. गेमचं नाव 'गलबत'. समुद्रात जायचं, चाच्यांची जहाजं लुटायची, लूट गावातल्या आपल्या घरी आणायची. माझ्या टॅबवर तो तिनेच घालून दिला. आता सोसायटीतल्या आम्ही नऊ जणी रोज संध्याकाळी एकत्र मोहिमेवर जातो आणि सातला बंदराला लागतो.

गेममधल्या प्रत्येक घराला माळा आहे. कंपनीचा मालक अनिरुद्ध मुलुंडचा. त्याच्या आईच्या माळ्यावर तीन जुने कुकर आणि पाळणा आहे म्हणे. आपली माणसं काही टाकत नाहीत, म्हणून त्याने माळ्याला मर्यादाच ठेवली नाही. लोकांना ते फार आवडलं. आणि तिथेच वाट लागली.

"रोज सातला सर्व्हर झोपतो, आजी," कल्पिता म्हणाली. "दोनदा मोठी मशीन घेतली. काही फरक नाही. आता सर म्हणतात, रविवारी सगळ्यांचे माळे साफ करायचे. पन्नास वस्तू ठेवायच्या, बाकी कचरा."

"माझ्याही?"

"सगळ्यांच्या. लोकांनी वर्षभर समुद्रात जाऊन आणलंय ते. मी टाकणार नाही म्हटलं. सर म्हणाले, शनिवारी सातला दुसरा मार्ग चालवून दाखव, नाहीतर माळेही साफ आणि नोकरीही."

"तू काय म्हणालीस?"

"चालेल म्हटलं. मूर्खपणा केला ना?"

मी टॅब तिच्या हातात दिला. ती माझ्या माळ्यावर चढली आणि बघतच राहिली.

"एकोणीसशे मोडकी वल्ही? आजी, ही कशाला?"

"लागतात कधीतरी."

"आजवर किती लागली?"

"एकही नाही."

ती हसली नाही. बुधवारभर तिने सर्व्हरच्या नोंदी चाळल्या आणि संध्याकाळी आम्हा नऊ जणींना एकेक करून गेममधल्या आपापल्या घरात शिरायला लावलं. घड्याळ हातात, अगदी त्या लिफ्टसारखं. आठ वाजता तिला कळलं. मी दारातून आत आले की सर्व्हर माळ्यावरची एकेक वस्तू उचलून बघतो. मी एक दोरखंड वर टाकला तरी सगळी यादी पहिल्यापासून नव्याने लिहितो. सातला सगळं गाव लूट घेऊन घरी येतं, आणि प्रत्येकाच्या माळ्यावर हजारो वस्तू.

"दुखणं कळलं, औषध नाही," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी ती आईबरोबरच आली. सगुणा माझ्या दारात बसून मांदेलीचे वाटे लावत होती. कल्पिता म्हणाली, "आये, एका वाट्यात किती असतात गं?"

"मोजतंय कोण? एकेक मांदेली मोजत बसले तं बाजार उठल ना गो! वाटा बघायचा, वाटा द्यायचा. बाकीची मासळी बर्फात. गिऱ्हाईक मागल तवाच पेटी उघडायची."

कल्पिताने आईकडे पाहिलं, मांदेलीकडे पाहिलं, आणि चपला घालून निघाली.

"नाश्ता?" मी ओरडले.

"नंतर!"

तिने जे केलं ते मला समजलं तसं लिहिते. एकसारख्या वस्तूंचा एक वाटा आणि वर आकडा. माझी एकोणीसशे वल्ही म्हणजे आता एकच ओळ. कुणी शिडी लावून माळ्यावर चढल्याशिवाय सर्व्हर तिकडे बघणार नाही. आणि जे बदललं तेवढीच ओळ लिहायची.

शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे बसून तिने ते गेममधल्या आमच्या नऊ घरांवर लावून पाहिलं. गेम पाण्यासारखा चालला. पाच मिनिटांत चौथ्या मजल्यावरची उत्तरा टॅब घेऊन माझ्या दारात.

"कुठंय ती कार्टी? माझ्या तीन तलवारी होत्या, तिन्हींवर माझं नाव कोरलेलं! आता म्हणतोय 'तलवार, तीन'. ही काय भांडी आहेत?"

कल्पिताचा चेहरा उतरला. तिने उत्तराबाईंची माफी मागितली, आदल्या दिवशीच्या प्रतीवरून तलवारी परत दिल्या आणि आईला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"पापलेट वाट्यात घालतात का गो?" सगुणा म्हणाली. "मोठं पापलेट नगावर जातं. एवढं शिकलीस नि हे मी सांगू?"

त्या रात्रीपर्यंत नियम बदलला. नाव असलेली, कोरलेली, बक्षीस मिळालेली वस्तू नगावर. बाकी वाट्यात.

शनिवारी ऑफिसला सुट्टी, म्हणून ती माझ्याच हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसली. नवा नियम आता सगळ्या गावाला लावला होता. अनिरुद्ध फोनवर. गेममध्ये तिने सगळ्यांना निरोप दिला होता: सातला घरी या, असेल नसेल ते माळ्यावर टाका, नंतर शिडी लावून बघा. शेजारी सोफ्यावर-खुर्च्यांवर आम्ही आठ जणी टॅब घेऊन. नववी उत्तरा, ती मुद्दाम उभी.

सात वाजले. सात पाच. सात दहा. मी एक वल्हं वर टाकलं. गेलं.

"किती वेळ लागला?" फोनमधून आवाज.

"पाव सेकंद, सर. मंगळवारी पंचवीस मिनिटं अडकला होता."

"लोक नसतील गं आत. नीट बघ."

"दोन हजार तीनशे आहेत, सर. आत्ता सगळे माळ्यावर उभे आहेत."

पलीकडे नुसता टकटक आवाज. तोही आपल्या माळ्यावर चढला असावा. मग म्हणाला, "अगं, माझं सगळं आहे इथे!"

"सगळ्यांचं सगळं आहे, सर. एक खिळासुद्धा टाकला नाही."

"झकास! रविवारची सफाई रद्द. नुसते याच गेमचे नाही, पुढच्या गेमचे सर्व्हरही तूच बघायचे."

"लेखी द्या, सर. सोमवारी."

उत्तराने आपल्या तिन्ही तलवारी नावासकट तपासल्या, आणि मग कल्पिताची पाठ एवढ्या जोरात थोपटली की लॅपटॉप हलला. आम्ही नऊ जणींनी टाळ्या वाजवल्या. दाराशी आलेल्या सगुणाने विचारलं, "पास झाली?" लेकीने आईला कमरेला धरून उचललंच. "सोड गो, पडशील, सोड!" सगुणा ओरडत होती आणि हसत होती.

रोजनिशीत त्या संध्याकाळच्या पानावर मी लिहिलं: मायलेकी जेवून गेल्या. चपात्या भाजताना गॅस संपला. नवा सिलिंडर आठ वीसला लावला.